डेस्कटॉप रिकामा, फोटो अर्धेच: तीन क्लाउड एकमेकांत अडकल्यावर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. विंडोज ११ चा लॅपटॉप, २५६ जीबीची एसएसडी, हातात आयफोन. फोनवर आयक्लाउड फोटोज चालू आणि शिवाय गूगल फोटोजचा बॅकअपही चालू. लॅपटॉपवर वनड्राइव्ह 'जागा भरली' असं सारखं सांगत होतं म्हणून ते बंद केलं, तर डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स रिकामे झाले. फोन भरला म्हणून गूगल फोटोजमधलं 'फ्री अप स्पेस' दाबलं, तर लॅपटॉपच्या आयक्लाउड फोटोज फोल्डरमधूनही हजारो फोटो गेले. उरलेलेही अर्धेच उघडतात. आता सगळं अनइन्स्टॉल करून पुन्हा टाकावं का?

आत्ता काहीही अनइन्स्टॉल करू नका. कुठल्याही फोल्डरमधलं काही कट करून दुसरीकडे नेऊ नका. वर्णनावरून तुमच्या फाइल्स बहुतेक सगळ्या शाबूत आहेत. पण गेलेल्या फोटोंना मुदत आहे आणि डेस्कटॉपला तशी नाही, म्हणून आधी फोटोंचं बघा.

आयफोनवर फोटोज ॲप उघडा, अगदी खाली 'युटिलिटीज'मध्ये 'रीसेंटली डिलीटेड' आहे. ते फेस आयडी किंवा पासकोड मागेल. आत प्रत्येक फोटोवर किती दिवस उरलेत तो आकडा दिसतो. मुदत ३० दिवसांची असते. 'सिलेक्ट' करून 'रिकव्हर ऑल' द्या. त्याआधी सेटिंग्जमध्ये तुमच्या नावावर टॅप करून आयक्लाउड, मग फोटोज इथे जा आणि 'ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज' चालू आहे ना ते पाहा. ते बंद असेल तर परत आलेले फोटो मूळ आकारात फोनवर उतरायला बघतील आणि भरलेला फोन मध्येच अडकेल. आयक्लाउडच्या जागेची काळजी नको. डिलीट झालेले फोटो मुदत संपेपर्यंत तिथली जागा अडवूनच असतात, त्यामुळे परत आणल्याने वापर वाढत नाही.

हे घडलं का, ते नीट समजून घ्या, नाहीतर पुढच्या महिन्यात पुन्हा घडेल. आयफोनवर गूगल फोटोजचं वेगळं भांडार नसतं. ॲपलच्या फोटोज ॲपमध्ये जी लायब्ररी आहे, तीच गूगल फोटोज दाखवतं आणि तिची प्रत गूगलच्या सर्व्हरवर चढवतं. 'फ्री अप स्पेस' दाबलं की ते त्या एकमेव लायब्ररीतून फोटो काढतं. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर ती लायब्ररी आयक्लाउडशी जोडलेली असते, म्हणून फोटो आयक्लाउडमधून, आयपॅडवरून, लॅपटॉपवरून, सगळीकडून जातात. त्या वेळी आयफोन परवानगीची एक चौकट दाखवतो आणि तीत हे लिहिलेलंही असतं, पण ती चौकट कोणी वाचत नाही. अँड्रॉइडवर हेच बटण सहसा निर्धोक आहे, कारण तिथे फोनमधली प्रत दुसऱ्या कुठल्या क्लाउडला बांधलेली नसते. त्यामुळे अँड्रॉइड वापरणाऱ्याने आयफोनवाल्याला दिलेला 'दाब की, काही होत नाही' हा सल्ला अंगाशी येतो. आयफोनवर आयक्लाउड फोटोज चालू असेपर्यंत गूगलचं ते बटण वापरायचंच नाही. फोनवरची जागा 'ऑप्टिमाइझ' पर्यायच मोकळी करतो.

३० दिवस उलटून गेले असतील तर गूगलची प्रत हाच आधार. गूगल फोटोजच्या सेटिंग्जमध्ये बॅकअपची गुणवत्ता पाहा. 'ओरिजिनल' असेल तर काही गमावलं नाही. 'स्टोरेज सेव्हर' असेल तर १६ मेगापिक्सेलहून मोठे फोटो १६ वर आणलेले असतात आणि व्हिडिओ १०८०पी पर्यंत खाली आणलेला असतो. अल्बम छापायला असे फोटो पुरतात; लग्नाच्या फोर-के व्हिडिओचं मात्र नुकसान झालेलं असतं आणि ते भरून निघत नाही.

ही प्रत उतरवायची तर गूगल टेकआउट वापरा. मागणी करताना फक्त गूगल फोटोज निवडा आणि एका झिपचा आकार १० जीबीच्या आसपास ठेवा; ५० जीबीची एकच झिप मागितली आणि उतरताना नेट तुटलं की अख्खा खटाटोप पुन्हा. सगळ्या झिप एकाच फोल्डरमध्ये सोडवा. प्रत्येक फोटोच्या शेजारी जेसन प्रकारची एक छोटी फाइल मिळते, ती कचरा समजून पुसू नका. कॅमेऱ्याच्या फोटोत तारीख फोटोच्या आतच असते, पण व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत ती नसते, आणि गूगल फोटोजमध्ये तुम्ही हाताने दुरुस्त केलेली तारीख त्या जेसनमध्येच राहते. ती टाकून दिलीत की आत तारीख नसलेले फोटो डाउनलोडच्या दिवशी काढल्यासारखे एका ढिगात पडतात. व्हॉट्सॲपच्या फोटोंना एक दिलासा आहे: अँड्रॉइडवर जतन झालेल्या फाइलच्या नावातच वर्ष, महिना, दिवस सलग आठ अंकांत असतात. एक्झिफटूल नावाच्या मोफत प्रोग्रॅमने जेसनमधली किंवा नावातली तारीख फोटोत भरता येते.

आता डेस्कटॉप. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की वनड्राइव्ह डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स या तीन फोल्डरांचा 'बॅकअप' सुचवतं, आणि नवा लॅपटॉप लावताना पुष्कळदा तो चालू होऊनच बसतो. बॅकअप म्हटलं की आपल्याला वाटतं, मूळ जागेवर फाइल आहे आणि एक प्रत वर गेली. इथे तसं होत नाही. फोल्डरच वनड्राइव्हच्या आत हलवलं जातं आणि विंडोज त्या नव्या जागेला 'डेस्कटॉप' म्हणू लागतं. हा बॅकअप थांबवला की विंडोज पुन्हा जुन्या जागेकडे बघतं, जी रिकामी असते. फाइल्स मात्र वनड्राइव्हच्या फोल्डरातच राहिलेल्या असतात.

म्हणून फाइल एक्सप्लोररमध्ये सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, वनड्राइव्ह असं आत जा आणि तिथलं डेस्कटॉप फोल्डर उघडा. फाइल्स दिसल्या तर प्रत्येकीच्या शेजारचं चिन्ह पाहा. निळा ढग म्हणजे फाइल फक्त सर्व्हरवर आहे, लॅपटॉपवर नुसतं नाव. पांढऱ्या वर्तुळात हिरवी टिक म्हणजे ती सध्या लॅपटॉपवर आहे, पण जागा कमी पडली की विंडोज तिला पुन्हा ढगात पाठवू शकतं. भरीव हिरव्या गोलात पांढरी टिक असेल तरच ती इथे कायम राहणार. दुसरी खात्रीची खूण अशी: फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. 'साइज' ४० जीबी आणि 'साइज ऑन डिस्क' ३ जीबी असं दिसलं, तर ३७ जीबी तुमच्या लॅपटॉपवर नाहीतच.

असे ढगातले फोल्डर थेट पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायला गेलं की प्रत्येक फाइल आधी सी ड्राइव्हवर उतरते, मग कॉपी होते. सी ड्राइव्ह भरलेला असेल तर कॉपी मधेच थांबते, काही फाइल्स जातात, काही राहतात, आणि कुठल्या राहिल्या ते कळत नाही. त्यामुळे क्रम असा ठेवा: वनड्राइव्हमध्ये पुन्हा लॉगिन करा, सी ड्राइव्हवर पुरेशी जागा करा, त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' द्या, सगळीकडे भरीव हिरवी टिक येईपर्यंत थांबा. मग फाइल्स जुन्या जागी, म्हणजे युजर्समध्ये तुमच्या नावाखालच्या डेस्कटॉप फोल्डरमध्ये, कॉपी करा. कटऐवजी कॉपी करायची, कारण वनड्राइव्हच्या फोल्डरातून फाइल बाहेर काढणं म्हणजे त्याच्या हिशेबी ती डिलीट करणं. सर्व्हरवरूनही ती जाते आणि तिथल्या रीसायकल बिनमध्ये पडते. वैयक्तिक खात्यात हा बिन ३० दिवस ठेवतो, पण बिन भरला तर जुन्या वस्तू ३ दिवसांतही जाऊ शकतात. मोफत ५ जीबीचं खाते तुंबलेलं असताना त्याच्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

मोफत ५ जीबी तुंबलं कसं, हा या सगळ्याचा कळीचा मुद्दा आहे आणि इथे थोडं थांबायला हवं. विंडोजवर आयक्लाउड आपलं फोटोंचं फोल्डर पिक्चर्सच्या आत बनवतं. आणि पिक्चर्स जर वनड्राइव्हने आपल्या पोटात घेतलेलं असेल, तर आयक्लाउडचं फोल्डर वनड्राइव्हच्या आत जाऊन बसतं. मग ॲपलचा सर्व्हर फोटो खाली पाठवतो आणि वनड्राइव्ह तेच फोटो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर चढवू लागतं. दोन्ही प्रोग्रॅमना 'फक्त नाव ठेव, फाइल सर्व्हरवर ठेव' ही सोय येते, आणि दोघे एकाच फाइलवर तीच करामत करू पाहतात. एक फाइल खाली आणतो, दुसरा ती जागा मोकळी करायला वर पाठवतो. ५ जीबी एका दिवसात भरतात, वनड्राइव्ह ठप्प होतं, आयक्लाउड 'डाउनलोडिंग'वर अडकतं, आणि फोटो अर्धेच उघडतात. तुमच्या तिन्ही तक्रारींपैकी दोन इथूनच निघाल्या असाव्यात. दोन क्लाउड एकमेकांच्या पोटात ठेवायचे नाहीत, हा या विषयातला सगळ्यात मोलाचा नियम मानतो. ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह यांनाही तो तसाच लागू आहे.

सोडवायचं असं. टास्कबारवरच्या वनड्राइव्हच्या ढगावर क्लिक करून सेटिंग्ज, 'सिंक अँड बॅकअप', 'मॅनेज बॅकअप' इथे जा. पिक्चर्सचा बॅकअप बंद करा. मग फाइल एक्सप्लोररमध्ये पिक्चर्सवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, 'लोकेशन' टॅब. तिथल्या पत्त्यात वनड्राइव्ह हा शब्द उरला नाही ना, ते डोळ्यांनी वाचा. उरला असेल तर 'रिस्टोअर डिफॉल्ट' दाबा. जुन्या जागेतल्या फाइल्स नव्या जागी हलवू का, असं विचारलं तर आधी नाही म्हणा आणि कॉपी स्वतः करा. आयक्लाउडचं काम क्रम चुकला की बिघडतं, म्हणून सावध राहा: आयक्लाउड ॲपमध्ये फोटोज बंद करायच्या आधी त्याचं फोल्डर हलवलं किंवा पुसलं, तर ते आयक्लाउडला डिलीट वाटतं आणि फोनवरूनही फोटो जातात. आधी आयक्लाउड ॲपमध्ये फोटोज बंद, मग लॅपटॉप रीस्टार्ट, मग नव्या साध्या फोल्डरची जागा निवडून फोटोज पुन्हा चालू. ती जागा वनड्राइव्हच्या बाहेरची हवी.

यानंतरही आयक्लाउड संथ वाटेल. त्यात बिघाडापेक्षा गणित जास्त असतं. १८० जीबीची लायब्ररी २० एमबीपीएसच्या वेगाने सलग चढवली तर २० तास लागतात, ५ एमबीपीएसने ८० तास, म्हणजे तीन दिवसांहून जास्त. ब्रॉडबँडच्या जाहिरातीत दिसतो तो सहसा उतरवण्याचा वेग. चढवण्याचा वेग स्पीड टेस्ट करून वेगळा पाहा. आयफोन लो पॉवर मोडमध्ये, बॅटरी उतरली असताना किंवा फोन तापला असताना फोटो चढवणं थांबवतो. रात्री चार्जिंगला लावून, वायफाय चालू ठेवून, फोन जाड कव्हरमधून काढून ठेवा. फोटोज ॲपमध्ये वरच्या कोपऱ्यातल्या तुमच्या चित्रावर टॅप केलं की किती उरलेत आणि का थांबलंय ते लिहिलेलं असतं. घरातल्या शाओमी, विवो, ओप्पो, रियलमी फोनांवर गूगल फोटोज अडकत असेल तर ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये बंधन काढून टाका. हे फोन मागे चालणारी ॲप्स फार लवकर मारतात.

फोन आणि लॅपटॉपवरच्या फोटोंची संख्या जुळत नाही म्हणून घाबरू नका. लाइव्ह फोटो लॅपटॉपवर उतरला की फोटोची एक आणि व्हिडिओची एक अशा दोन फाइल्स होतात. विंडोजवर फोटो उघडतच नसतील तर तो बहुधा एचईआयसी प्रकारचा असतो. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स मोफत मिळतं, ते टाका.

काही फाइल्स कधीच वर जात नाहीत आणि वनड्राइव्ह लाल फुली दाखवतं. तिथे नाव बघा. विसर्गचिन्हासारखं दिसणारं कोलन, प्रश्नचिन्ह, तारका, तिरपी रेघ, उभी रेघ, दुहेरी अवतरण, लहान-मोठेपणाची चिन्हं हे नावात चालत नाही. मॅकवरून आलेल्या '१२/०४ सभा' अशा फाइल्स इथे अडकतात. फोल्डरांच्या नावांसकट अख्खा पत्ता ४०० अक्षरांपुढे गेला तरी वनड्राइव्ह नाकारतं.

देवनागरी नावांचा एक खास गुंता आहे, तो मराठीत जास्त जाणवतो. 'कऱ्हाड' हे फोल्डर घ्या. त्यातला अर्धा र एका कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ने येतो, दुसऱ्यावर र, हलन्त आणि मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह अशाने. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ती दोन वेगळी नावं. शिवाय ऱ स्वतः एका संकेतांकात लिहिता येतो किंवा र आणि नुक्ता असे दोन संकेतांक वापरून. जुन्या मॅकची फाइल व्यवस्था त्याचे दोन तुकडे करूनच साठवत असे. परिणाम असा की 'कऱ्हाड' नावाची दोन फोल्डरं शेजारी शेजारी उभी राहतात, काही फोटो एकात, काही दुसऱ्यात, आणि वाटतं सिंकने फोटो खाल्ले. उपाय साधा आहे: एकातलं सगळं दुसऱ्यात कॉपी करा, मोजून पाहा, मग पहिलं फोल्डर पुसा. पुढे नाव पुन्हा टाइप न करता कॉपी-पेस्ट करा. घरी एनएएस (घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणीची पेटी) असेल तर आणखी एक मर्यादा: लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. 'महाराष्ट्र' या एका शब्दाला काना आणि हलन्त धरून ३० बाइट लागतात. ८५ चिन्हांपुढचं नाव तिथे बसतच नाही.

काही गोष्टी सिंक फोल्डरमध्ये ठेवायच्याच नाहीत. टॅलीचा डेटा फोल्डर, आउटलुकची पीएसटी फाइल, लाइटरूमचा कॅटलॉग, मॅकची फोटोज लायब्ररी. यांच्या आतल्या अनेक फाइल्स एकाच वेळी बदलतात आणि एकमेकींशी जुळलेल्या असाव्या लागतात. सिंक करणारा प्रोग्रॅम त्यांना सुट्या सुट्या समजून एक आत्ता, एक दहा मिनिटांनी चढवतो. दुसऱ्या संगणकावर उघडलं की अर्धा जुना, अर्धा नवा असा डेटा मिळतो आणि तो दुरुस्त होईलच असं नाही. टॅलीचं असेल तर त्याच्यातल्याच बॅकअपच्या सोयीने तयार झालेली फाइल क्लाउडवर टाका. मॅकची लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर न्यायची असेल तर डिस्क एपीएफएस किंवा मॅक ओएस एक्स्टेंडेड या मॅकच्या पद्धतीने फॉर्मॅट केलेली हवी, एक्सफॅट नको.

सगळं जागेवर आलं की ज्याच्याशी कुठल्याही क्लाउडचा संबंध नाही अशी एक प्रत करा. सिंकमध्ये तुमची चूकही सिंक होते. 'फ्री अप स्पेस'ने तेच झालं. १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क पुरेल. फोटो २५६ जीबीच्या लॅपटॉपमार्गे उतरवणं जड जाणार असेल तर ॲपलच्या प्रायव्हसी पोर्टलवरून आयक्लाउड फोटोजची प्रत मागवा. २५ जीबीपर्यंतचे तुकडे करून मिळते, तयार व्हायला सात दिवसांपर्यंत लागू शकतात. डिस्कवर वर्षवार फोल्डर करा आणि कॉपी झाल्यावर प्रत्येक वर्षातले चार फोटो आणि एक व्हिडिओ शेवटपर्यंत उघडून पाहा. नुसती फाइलची लघुप्रतिमा दिसणं हा पुरावा नाही. अर्धवट कॉपी झालेल्या व्हिडिओचीही लघुप्रतिमा दिसते. तपासून झाल्यावर डिस्क काढून ठेवा. कायम जोडलेल्या डिस्कवर रॅन्समवेअरचाही (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमचा) हात पोचतो.

मग ठरवा, कुठला क्लाउड कशासाठी. तुमच्याकडे आयफोन आहे, तर फोटो आयक्लाउडकडे द्या आणि वाढीव जागा तिथेच विकत घ्या. त्याचे ५ जीबी फोटोंना पुरत नाहीत, आणि भरलेलं आयक्लाउड फोनचा बॅकअपही थांबवतं. गूगल फोटोज दुसरी प्रत म्हणून ठेवायला हरकत नाही, पण त्याचे १५ जीबी जीमेल आणि ड्राइव्हशी वाटून घेतलेले असतात, आणि १ जून २०२१ पासून 'स्टोरेज सेव्हर'मधले फोटोही त्यात मोजले जातात. ते भरले की मेल यायचे थांबतात, याचा फटका फोटोंपेक्षा मोठा असतो. वनड्राइव्हकडे फक्त डॉक्युमेंट्स, आणि तेही ५ जीबीत मावत असतील तर.

हे केल्यावरही आयक्लाउड एकाच आकड्यावर दोन रात्री अडकून राहिलं, तर फोनवर दिसणारा उरलेल्या फोटोंचा आकडा, पिक्चर्सच्या 'लोकेशन' टॅबमधला पूर्ण पत्ता आणि सी ड्राइव्हवर उरलेली जागा एवढं कळवा. त्या तीन गोष्टींवरून पुढचं सांगता येईल.